सोलापूरची वाहतूक कोंडी, सिटी बस आणि शेअर रिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरकरांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंततात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाडी आणि वेळापत्रकं बदलत राहतात, त्यामुळे ती न देता ती कशी ठरतात आणि कुठे विचारायची ते सांगितलं आहे.

१. सोलापूर काही पुण्या-मुंबईएवढं मोठं नाही. मग रस्ते का तुंबतात?

२०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. एवढ्या गावाला आठ-दहा किलोमीटरचा प्रवास अर्ध्या तासात व्हायला हरकत नसावी. अडचण अशी, की राहणारी माणसं बाहेर सरकली आणि कामाच्या जागा होत्या तिथेच राहिल्या. १९९२च्या हद्दवाढीनंतर जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे हे भाग भरत गेले. नवी पेठ, टिळक चौक, मंगळवार पेठ, सिव्हिल हॉस्पिटल, जिल्हाधिकारी कार्यालय, रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड मात्र सगळं मध्येच. सकाळी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, संध्याकाळी उलट.

त्यात रेल्वेमार्ग शहराच्या कडेने तिरका जातो. रुळांपलीकडच्यांना मोजक्या पुलांतूनच यावं लागतं. जुळे सोलापुरातून निघणारा माणूस आसरा पूल किंवा विजापूर रोड यांपैकी एक निवडतो, तिसरा सरळ रस्ता त्याला नाही.

तरीही आमच्या मते सगळ्यात मोठं कारण रस्त्याची कड हेच आहे. पेठेतला चाळीस फुटी रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना दुचाकी आडव्या लावल्या की सात-सात फूट गेले. त्यांच्यापुढे हातगाडी, गिऱ्हाईक आणि गाडी काढणारा-लावणारा यांचे तीन-तीन फूट गेले. उरले वीस. त्यात दोन्हीकडची वाहतूक, मध्येच थांबलेली रिक्षा आणि माल उतरवणारा टेम्पो. रस्ता कागदावर चाळीस फूटच असतो, चालतो मात्र वीस फुटांचा.

२. कोणत्या वेळेला कुठे जायचं टाळावं?

सकाळी साधारण साडेदहा ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. सकाळच्या त्या एका तासात शाळा, कचेऱ्या आणि दुकानं सगळी एकदम उघडतात. सात रस्ता, आसरा चौक, डफरीन चौक, पार्क चौक, मेकॅनिक चौक, स्टँडजवळचा शिवाजी चौक, जुना पुणे नाका आणि पूर्व भागात अशोक चौक ते कन्ना चौक ही ठिकाणं या वेळात जड जातात. सिव्हिलमध्ये तपासणीला जायचं असेल तर दहाच्या आत पोहोचा. रस्ता मोकळा मिळतो आणि केसपेपरची रांगही लहान असते.

३. सिटी बस अजून चालते का? कुठे मिळते?

चालते. ती महापालिकेचा परिवहन उपक्रम चालवतो, एसटी नाही. त्यामुळे तिकीट, पास आणि सवलती वेगळ्या (प्रश्न ५). रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, चार पुतळा आणि सात रस्ता ही बस धरायला सोयीची ठिकाणं. अधल्यामधल्या थांब्यावर फलक नसेल तर शेजारच्या पानवाल्याला किंवा चहावाल्याला विचारा. दिवसभर तिथेच उभा असलेला माणूस गाडीची खरी वेळ सांगतो.

नव्या माणसाला एक सूचना. कंडक्टरला किंवा रिक्षावाल्याला गावात रुळलेलं नाव सांगा : चार पुतळा, पूनम गेट, सिव्हिल, मोदी, भैय्या चौक. पाटीवरचं पूर्ण नाव सांगितलं की त्याला क्षणभर विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात तुमचा थांबा मागे जातो.

४. थांब्यावर पाऊण तास उभे राहतो, बस येत नाही. मग एकदम दोन येतात. असं का?

याचं उत्तर हिशेबात आहे आणि प्रत्येक प्रवाशाला ते माहीत असावं.

मार्ग आठ किलोमीटरचा धरा. थांबे धरून बसचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर असेल तर एका बाजूला ३२ मिनिटं लागतात. शेवटच्या थांब्यावर आठ मिनिटं विसावा. म्हणजे ४० मिनिटं जायला, ४० यायला, एक फेरी ८० मिनिटांची. या मार्गावर चार गाड्या असतील तर दर २० मिनिटांनी बस मिळते. दोनच असतील तर ४० मिनिटांनी. त्या दोनातली एक बंद पडली की थेट ८०.

आता कोंडी धरा. वेग ताशी दहावर आला की एका बाजूला ४८ मिनिटं आणि विसावा धरून फेरी ११२ मिनिटांची. दोन गाड्यांत ५६ मिनिटांचं अंतर पडतं. वीस मिनिटांची बस टिकवायची तर चारऐवजी सहा गाड्या लागतात. म्हणजे कोंडीमुळे दोन गाड्या, दोन ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर प्रवाशाला काहीही न मिळता खर्ची पडतात.

एकापाठोपाठ दोन येण्याचं कारणही यातच आहे. पुढच्या बसला उशीर झाला की थांब्यांवर माणसं साठतात आणि त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती पुढचीला गाठते. अशा वेळी मागच्या बसमध्ये चढा. जागा मिळते आणि पोहोचायला फारसा फरक पडत नाही.

किती थांबायचं? नेहमीच्या मार्गावर आठवडाभर गाडीच्या वेळा टिपून ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आली नाही तर ती फेरी रद्द झाली असं समजून शेअर रिक्षा धरा.

५. एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीट सिटी बसमध्ये चालतं का?

नाही. महिलांना पन्नास टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून एसटी महामंडळाच्या गाड्यांत आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे, आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. या सगळ्या एसटीच्या सवलती. सिटी बसमध्ये महापालिकेने ठरवलेल्या सवलतीच लागू होतात आणि त्यांचा पास वेगळा काढावा लागतो.

गोंधळ होतो तो बाळे, केगाव अशा ठिकाणी, जिथून दोन्ही गाड्या जातात. केगावच्या विद्यापीठात रोज जाणाऱ्यांनी दोन्ही पासांचा खर्च एकदा मांडून पाहावा. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो, विद्यार्थ्यांना त्याहून मोठी सवलत मिळते. मात्र साधी गाडी तुमच्या थांब्यावर थांबते का, हे पास काढण्याआधी विचारा. जलद गाड्या बऱ्याच थांब्यांवरून न थांबता पुढे जातात.

६. शेअर रिक्षात किती माणसं बसवता येतात? भाडं कोण ठरवतं?

नेहमीच्या तीनचाकी रिक्षाला तीन प्रवाशांचा परवाना असतो. चौथा आणि पाचवा बसला तर तो नियमभंगच आहे, मग सगळ्यांनी आनंदाने सरकून घेतलेलं असो. ड्रायव्हरशेजारची सीट घेऊच नका. तिथे माणूस बसला की हँडल पूर्ण वळत नाही आणि अचानक वळायची वेळ आली तर रिक्षा कलंडते. शिवाय परवान्यापेक्षा जास्त माणसं असताना अपघात झाला तर विमा कंपनीला भरपाईत हरकत घ्यायला कारण मिळतं.

मीटरचं आणि मान्य शेअर मार्गांचं भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. रस्त्यावर मात्र ‘सीट’चा दर बोलीवर चालतो. बसण्याआधी दोन गोष्टी विचारा : सीट किती आणि कुठपर्यंत. भांडणं बहुतेक दुसऱ्या प्रश्नावरून होतात. ‘सात रस्ता’ म्हटल्यावर तुमच्या मनात चौकाची पलीकडची बाजू असते, त्याच्या मनात अलीकडची.

७. रात्री दोन वाजता रेल्वेने उतरलो. एसटी स्टँडला किंवा घरी कसं जायचं?

स्टेशन ते स्टँड अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. दिवसा सिटी बस किंवा शेअर रिक्षा मिळते. रात्री स्वतंत्र रिक्षाच करावी लागते. स्टेशनच्या दारात गाठणाऱ्या पहिल्या रिक्षावाल्याशी न ठरवता बाहेर रांगेत लागलेल्या रिक्षांकडे जा, गाडीचा नंबर घरच्यांना पाठवा आणि भाडं बसण्याआधी ठरवा. पहाटेची एसटी गाठायची असेल आणि सोबत बायका-मुलं असतील तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात थांबणं बरं. तिथे दिवे असतात, पोलीस असतात.

८. जुळे सोलापुरातून रोज नवी पेठेत जातो. दुचाकी परवडते की बस?

फक्त पेट्रोल धरलं तर दुचाकी स्वस्त वाटते. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, लिटरला ४५ किलोमीटर, पेट्रोल शंभराच्या पुढे. म्हणजे दिवसाचे पस्तीस रुपयांच्या आतबाहेर. त्यात टायर, ऑइल, विमा आणि गाडीची घसरणारी किंमत घातली की आकडा बराच फुगतो. घरात आधीच गाडी असेल तर बहुतेक जण ती वापरणारच, आणि बस वेळेवर नसताना त्यांना दोष देता येत नाही.

मधला मार्ग काढता येतो. गाडी पेठेत नेऊच नका. सात रस्ता किंवा पार्क चौकाच्या अलीकडे जिथे अधिकृत पार्किंग आहे तिथे लावा आणि उरलेलं अंतर चाला. पार्क चौक ते नवी पेठ पायी दहा मिनिटांचंच आहे. संध्याकाळी तेवढंच अंतर दुचाकीवरून कापून वर जागा शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

९. मुलगा अकरावीत आहे, सोळा पूर्ण झाली. क्लासला गाडी देऊ का?

सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा परवाना मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, त्या या परवान्यावर चालवता येत नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा हळू चालणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी लागत नाही. ती घेताना दुकानदाराकडून मान्यतेचा कागद मागा. वेग वाढवून दिलेली गाडी ही सूट गमावते. हेल्मेट तिच्यावरही हवंच, ते मुलाच्या डोक्यासाठी आहे.

१०. सिग्नल बंद असला की उलट लवकर निघतो. मग सिग्नल हवेत कशाला?

वाहनं कमी असतील तेव्हा तसं वाटतं आणि ते खरंही असतं. वाहनं वाढली की बंद सिग्नलवर चारही बाजूंनी पुढचे दोघे-तिघे मध्यात घुसतात, चौक कुलूप लावल्यासारखा अडकतो आणि मग कोणीच निघत नाही.

सिग्नलवरही वेळ वाया जातो, तो दिवा बदलताना. हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला आणि पिवळ्यावर चौक रिकामा व्हायला मिळून साधारण चार सेकंद जातात. चार टप्प्यांच्या १२० सेकंदांच्या फेरीत १६ सेकंद असे जातात. चौकाला फाटे वाढले की टप्पे वाढतात आणि हा तोटाही वाढतो. म्हणून अनेक रस्ते मिळतात त्या चौकात एखाद्या फाट्याचं उजवं वळण बंद करून पुढून वळसा दिला, तर सगळ्यांचाच वेळ वाचतो. वळसा घालणाऱ्याला ते पटत नाही, हे मान्य. पण त्याची दोन मिनिटं जाऊन बाकी शंभर जणांचा अर्धा-अर्धा मिनिट वाचतो.

आपल्या हातात असलेली गोष्ट : डावीकडे वळायचं नसेल तर डाव्या कडेला उभे राहू नका. सरळ जाणाऱ्या चार दुचाकी तिथे थांबल्या की डावं वळण मोकळं असूनही मागची रांग अडते.

११. रस्ता रुंद केला किंवा उड्डाणपूल बांधला तर कोंडी सुटेल ना?

रुंद केलेल्या रस्त्याची कड पुन्हा भरली तर नाही (प्रश्न १). सोलापुरात रुंदीकरणानंतर वाढलेली जागा काही महिन्यांत चारचाकींच्या पार्किंगने गिळलेली अनेक ठिकाणी दिसते. शहरात न थांबणाऱ्या वाहनांना उड्डाणपुलाचा फायदा होतो, पण त्यांच्यासाठी बाहेरून जाणारे मार्ग जास्त कामाचे. पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि विजयपूरकडून येऊन तुळजापूरकडे जाणारा ५२ इथे एकमेकांना भेटतात. केगाव–हत्तूर बाह्यवळणामुळे विजयपूर आणि पुणे यांच्यामधल्या गाड्यांना शहरात शिरायचं कारण उरत नाही. पेठेत खरेदीला जाणाऱ्या माणसाचा प्रश्न पुलाने सुटत नाही, तो पायी चालण्याजोग्या फुटपाथने सुटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फुटपाथची किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी. तुमच्या रस्त्यावर टेप धरून एकदा मोजून पाहा.

१२. दुचाकी उचलून नेली. आता काय?

आधी तिथेच पाहा. फुटपाथवर किंवा रस्त्यावर गाडीचा नंबर खडूने लिहिलेला असतो किंवा शेजारचा दुकानदार सांगतो. नसेल तर वाहतूक शाखेत चौकशी करा, मगच चोरीची तक्रार. जाताना आरसी, परवाना आणि विमा सोबत न्या, मोबाइलमधल्या डिजिलॉकरमधली प्रत चालते. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये, उचलण्याचा खर्च वेगळा. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

फलक नसलेल्या जागेवरून गाडी उचलली असेल तर त्याच वेळी जागेचे फोटो काढा, मागचापुढचा चौक दिसेल असे. ई-चलनावरची हरकत महाट्रॅफिक ॲपवर नोंदवता येते. आधी पैसे भरले की हरकतीला अर्थ राहत नाही.

१३. गड्ड्याच्या दिवसांत गाडी कुठून काढायची?

गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वर यात्रा. तिच्या मुख्य विधींच्या दिवशी शहराचा मधला भाग गाडीसाठी नाही असंच धरा. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात. अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी मिरवणूक शहरभर फिरते, त्यामुळे त्या दिवशीचे बंद रस्ते अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या) दिवसापेक्षा वेगळे असतात. लोक इथेच चुकतात. कालचा पर्यायी मार्ग आज चालेल असं समजू नका, पोलिसांचं त्या त्या दिवसाचं पत्रक पाहा. होम मैदानावर गड्डा चालू असेपर्यंत संध्याकाळी पार्क चौक आणि डफरीन चौक टाळा. सिटी बसही वळवलेल्या मार्गाने जाते, तेव्हा मधल्या थांब्यावर वाट पाहत न बसता शेवटच्या थांब्यावरून धरा.

१४. कोजागरीला तुळजापूरला एसटी मिळते का?

मिळते, पण नेहमीच्या रस्त्याने नाही. सोलापूर–तुळजापूर हे साधारण ४५ किलोमीटर अंतर लाखो भाविक पायी जातात, म्हणून पौर्णिमेच्या आसपास तो रस्ता वाहनांना बंद असतो. पर्याय सहसा हैदराबाद रस्त्याने इटकळकडून किंवा बार्शीकडून निघतो. अंतर वाढतं, तसं तिकीटही वाढू शकतं. कंडक्टरशी त्यावरून वाद घालू नका, मशीनमध्ये जो मार्ग भरलेला असतो त्याचंच भाडं निघतं.

१५. हिवाळ्यात हैदराबाद रोड आणि होटगी रोडवर एवढी गर्दी का असते?

दोन हंगाम एकत्र येतात. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढते आणि ट्रकची रांग रस्त्यावर येते. दुसरीकडे उसाचा गळीत हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना चौक अडवतो, चढाला हळू होतो. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात तो दिसतच नाही. रात्री होटगी रस्त्यावर ताशी चाळीसच्या आत चाला आणि समोरच्याचे दिवे डोळ्यांवर आले की आणखी हळू व्हा. विमानतळावर जाणाऱ्यांनी या महिन्यांत अर्धा तास जास्तीचा धरावा.

१६. ई-बस आल्या की सगळं सुरळीत होईल का?

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशात दहा हजार बस देण्यासाठी. त्यात सोलापूर आहे. यात गाड्या ठेकेदाराच्या असतात आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात. गाडी रिकामी धावली तरी पैसे द्यावे लागतात, म्हणून मार्ग आणि वेळा नीट आखण्याची जबाबदारी महापालिकेवर येते. चार्जिंगसाठी आगारात उच्चदाबाची वीजजोडणी लागते, ती नसेल तर गाड्या येऊनही उभ्या राहतात. आणि कोंडी तशीच राहिली तर प्रश्न ४ मधला हिशेब ई-बसलाही लागू होतो. धूर कमी होईल, गाडी वेळेवर येण्यासाठी मात्र थांब्यासमोरची कड मोकळी असायला हवी.

१७. मागे रुग्णवाहिका आहे आणि पुढे लाल सिग्नल. काय करायचं?

चौकात घुसू नका. जागा मिळेल तसं डावीकडे सरका, दुचाकी असेल तर फुटपाथच्या कडेला घ्या. पोलिसाने हाताने इशारा केला तर पुढे जा, त्याचा इशारा दिव्यापेक्षा वरचा असतो. रुग्णवाहिकेला वाट न देण्याचा दंड कलम १९४ई खाली दहा हजार रुपयांपर्यंत आहे. वाट देताना रेषा ओलांडली म्हणून चलन आलं तर वेळ आणि चौक लिहून हरकत घ्या (प्रश्न १२).

१८. आमच्या वसाहतीत बसच येत नाही. मागणी कशी करायची?

नुसतं ‘बस सुरू करा’ असं निवेदन फाइलमध्ये पडून राहतं. आकडे द्या. आठवड्यातले दोन कामाचे दिवस निवडा, सकाळी साडेआठ ते साडेअकरा वसाहतीच्या तोंडाशी उभे राहून किती माणसं शेअर रिक्षात बसली आणि कुठे गेली ते टिपा. दर अर्ध्या तासाचा आकडा वेगळा लिहा. बस वळेल एवढी जागा कुठे आहे ते नकाशावर दाखवा. १२ मीटरची बस अरुंद गल्लीत वळत नाही, याच कारणाने बरेच अर्ज मागे येतात. नवा मार्ग मागण्याऐवजी जवळून जाणारी फेरी एक किलोमीटर वाढवून मागितली तर ती मंजूर होण्याची शक्यता जास्त. अर्ज परिवहन उपक्रमाच्या व्यवस्थापकाकडे द्या, प्रत आयुक्त आणि नगरसेवकांना, आणि आवक क्रमांक घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्याच क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा.

वसाहत महापालिका हद्दीबाहेर असेल तर गोष्ट थोडी वेगळी. कुंभारीची विडी कामगारांची घरकुलं आणि रे नगर इथले रहिवासी कामाला शहरात येतात, पण गाव हद्दीबाहेर. अशा वेळी तोच अर्ज परिवहन उपक्रमाला आणि एसटीच्या सोलापूर विभाग नियंत्रकांना एकाच दिवशी द्या, आणि दोन्ही प्रतींवर दुसऱ्या कार्यालयाचा आवक क्रमांक लिहा. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि अर्ज अधांतरी राहतो.